नवसाचा कोंबडा

तारापूरला प्लँटचं बांधकाम चालू होतं तेव्हा आम्ही साताऱ्याकडून बोईसरला आलो. नवरा ओव्हरसियर. मी दिवसभर रिकामी, आणि रिकामी बसले की माझं डोकं फिरतं. म्हणून मुंबईहून विलायती कोंबड्यांची पिल्लं मागवली. परदेशी साहेबांच्या वसाहतीत मऊ मांसाच्या कोंबडीला मागणी होती. गावठी कोंबडं सहा महिन्यांत भरत नाही तेवढी ही दोन महिन्यांत भरली. दिवसभर दाण्यापुढे बसून खायची. बसून खातात म्हणजे सुखात आहेत, असं मी येईल त्याला ऐकवायची.

त्यांच्या खाण्यात घालायला सुक्या मासळीचा चुरा लागायचा. तो जवळच्या नवापूरची एक कोळीण आणून द्यायची. बरोबर तिची चार वर्षांची मुलगी असे. तापात त्या पोरीचा एक पाय लुळा पडला होता, आणि आता कुठे ती तो पाय फेकत चालायला लागली होती. त्यासाठी आईने गावदेवीला कोंबडा बोलला होता. त्यांच्या घरची रीत अशी, की नवसाचा कोंबडा उचलून न्यायचा नाही. देवळाच्या पायरीपासून तांदूळ टाकत जायचं आणि त्याने आपल्या पायांनी देवीपुढे जायचं.

"रंग कसा पन चालंल, बाय," ती म्हणाली. "पायात खोड नको."

कोंबडा मी देते, म्हणाले. सगळ्यांत दांडगा निवडला, बांबूच्या डालीखाली वेगळा ठेवला आणि दुप्पट चारला. त्याला उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा चोचीशी नेऊन ठेवायची. नवरा म्हणाला, अति तिथे माती. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

नवस फेडायला चार दिवस उरले तेव्हा डाल उचलली, तर कोंबडा बाहेर येईना. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. पंख जमिनीला टेकून तो अंग ओढत होता. मी खुराड्यात जाऊन बाकीच्यांना हुसकलं. निम्मीअधिक तशीच सरपटली. एक तर पाण्यापासून वीतभर अंतरावर मरून पडली होती. इतके दिवस मी ज्याला सुख म्हणत होते, ते बसणं हे होतं: पायांत उभं राहायचं बळच नव्हतं. पंख घासल्याचा तो खरखर आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

तेव्हाच कोळणीला सांगायला हवं होतं. पण मी शब्द दिला होता आणि कोंबड्याची बढाईही मारली होती. कोमट तेलाने त्याचे पाय चोळत राहिले.

ठरल्या दिवशी टोपलीवर फडकं टाकून मी त्यांच्याबरोबर देवळात गेले. कोळणीने कोंबडा पायरीशी ठेवला. मुलीने तांदूळ टाकले. समोरचे दाणे त्याने टिपले, पुढच्यांसाठी उठू गेला, तर दोन्ही पाय दोन बाजूंना घसरले आणि तो छातीवर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. मुलगी आधी हसली. मग हसायची थांबली आणि त्याच्याजवळ खाली बसली.

आईने कोंबड्याचे पाय चाचपले. तेलाचा हात लुगड्याला पुसला.

"तुला ठाव व्हतं?"

"नाही," मी म्हणाले.

तिने कोंबडा माझ्या टोपलीत ठेवला, गावातून दुसरा आणते म्हणाली, आणि मुलीला ऊठ म्हणाली. मुलगी लगेच उठली नाही. मी तिथे थांबले नाही.

पुढच्या आठवड्यात कोळीण नेहमीसारखी मासळी घेऊन आली. या वेळी मुलगी तिच्या कडेवर होती. त्यानंतर प्रत्येक वेळी कडेवरच असायची. पोरीचं चालणं थांबलं होतं, की माझ्या अंगणात आईला तिचे पाय टेकू द्यायचे नव्हते? आमची बदली होईपर्यंत ती येत होती, आणि एकदाही तिला विचारायचं माझं धाडस झालं नाही.