दिवसभराची जमीन

ऐंशीच्या दशकात साउथहॅम्प्टनला डॉक्टर होतो, तेव्हा हौसेनं भाजी पिकवायला कौन्सिलची अलॉटमेंट, म्हणजे भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा, घेतली. तीन शनिवार खपूनही गवत कंबरभरच होतं, आणि साफ करा नाहीतर परत द्या, असं पत्र आलं.

शेजारच्या प्लॉटवरचा, मूळचा श्रॉपशर परगण्यातला म्हातारा कुंपणावर चहाचा मग ठेवून माझी झटापट बघायचा. म्हणाला, "आमच्याकडे जमीन ‘डेमॅथ’मध्ये मोजायचे. मॅथ म्हणजे कापणी. एक माणूस दिवसभरात गवत कापेल, तेवढी जमीन."

"म्हणजे नक्की किती?"

"कापणारा कोण, त्यावर आहे."

मग लांब दांड्याचा विळा घेऊन तो आत शिरला. तासाभरात सगळं गवत आडवं. गार चहा एका घोटात संपवून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कापत होतात तोवर जमीन बरीच मोठी होती."