सुनेचा पाय आणि गडाचा कातळ

आमच्या अकोले तालुक्यातल्या या गडाला एकेकाळी थेट वरपर्यंत पायऱ्या होत्या. लढाईत गड पडला तेव्हा पुन्हा कुणी वर जाऊन लढू नये म्हणून इंग्रजांनी त्या सुरुंग लावून उडवल्या. तिथे आता उभा कातळ आहे आणि त्यात जेमतेम चवडा मावेल एवढ्या खोबण्या. घरात सून आली की पहिल्या दिवाळीआधी सासूने तिला गडावरच्या देवीला न्यायचं, ही आमची रीत. म्हणून गेल्या नवरात्रात मी माझ्या सुनेला घेऊन निघाले.

सून नगरची, बँकेत नोकरीला. चढताना ती आपली पुढे आणि मी धापा टाकत मागे. कातळही बया सरसर चढून गेली. मला थोडा रागच आला. नवी नवरी असताना मी तिथे भोकाड पसरलं होतं. वर देवीची ओटी भरली, टाक्याचं गार पाणी प्यायलो, भाकरी-ठेचा खाल्ला. तिने खालच्या धरणाचे ढीगभर फोटो काढले. फार बरं वाटत होतं.

खरी परीक्षा उतरताना. कातळाकडे तोंड करून उतरायचं, त्यामुळे खालची खोबणी दिसत नाही. माहीतगार माणूस आधी उतरतो आणि वरच्याचा पाय धरून खोबणीत ठेवतो. मी चार हात खाली उतरून तिचा घोटा धरला, तर तिने पाय झटकन वर ओढला.

"अहो आई, माझ्या पायाला हात नका ना लावू!"

त्या ओढाताणीत तिचा दुसरा पाय सुटला. नुसती हातांवर लोंबकळली पोरगी.

"आगं, मानपान ऱ्हाऊ दे घरी! पाय दे हिकडं!" मी ओरडले.

तिने पाय दिला. मी तो घट्ट धरून खोबणीत टेकवला, मग दुसरा. असं करत करत आम्ही कातळाच्या बुडाशी आलो.

खाली येताच ती माझ्या पाया पडायला वाकली. एरवी मी ऐटीत आशीर्वाद दिला असता. पण तिचा जीव इतका वेळ मुठीत धरल्यावर मला ते बघवेना. मीच पाय मागे घेतले आणि तिला पोटाशी धरलं.