सुमनवहिनींचा वेली गुलाब

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

नव्वदच्या आसपास डोंबिवलीत सुमनवहिनी आमच्या शेजारी राहायच्या. तिथल्या दमट हवेत माझ्या गुलाबांची पानं काळे ठिपके पडून गळायची. त्यांचा वेली गुलाब मात्र थेट गच्चीपर्यंत चढलेला. दर पावसाळ्यात मी फांदी मागायचे. वहिनी हसत द्यायच्या, वर चहाही पाजायच्या. एकही फांदी जगली नाही. "तुझ्या हातालाच गुण नाही गं," म्हणायच्या. मला ते खरं वाटलं. मी झाडं लावणंच सोडलं.

आज त्यांची लेक भेटली. हसत हसत म्हणाली, "मावशी, आई तुमच्या फांदीचं टोक आधी चहाच्या आधणात बुडवायची!"

आणि त्याच आधणाचा चहा मी मिटक्या मारत प्यायचे.

वहिनींनी रविवारी चहाला बोलावलंय. सांगा, जाऊ?