टोपण लावलंत का, दाजी?

"दाजी, तुमच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या फुलंब्री तालुक्यात नाय."

हे मला तोंडावर म्हणणारा माणूस जाऊन आज वर्ष झालं.

प्रभाकर. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शेंद्र्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा, राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात.

तो म्हणायचा ते खरंच होतं. घराला कुलूप लावलं तरी मी परत येऊन ओढून पाहतो. बसमध्ये बसल्यावरही ही बस नक्की तिकडंच जाते ना, असं कंडक्टरला विचारतो.

शिक्षण नववी नापास. पण अक्षर सुंदर होतं. त्या अक्षरावर तहसीलसमोर टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज लिहीत आलो. रस्त्याचे, विहिरीचे, वारसाचे.

मग उजवा हात थरथरायला लागला.

कचेरीतून अर्ज परत यायला लागले, वाचता येत नाही म्हणून.
मग लोक शेजारच्या टेबलाकडं वळायला लागले. नजर चुकवून.

मला वाटलं, संपलं आपलं टेबल.

मुलाचा जुना लॅपटॉप होता, मराठी टायपिंगही थोडंफार येत होतं. पण माऊस धरला की बाण पडदाभर नाचायचा.

प्रभाकर एका रविवारी शेजारी बसून नुसता बघत राहिला. मग म्हणाला,
"माऊस ठेवून द्या कपाटात. मनगट टेकवलं की बोट बटनावर नीट पडतंय ना तुमचं? बास झालं."

त्यानं लॅपटॉपवर व्हिम नावाचा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, टाकून दिला. काळा पडदा. चित्र नाही, मेनू नाही. सगळा कारभार बटनांवर.

मी टाइप केलं, 'मा. तहसीलदार साहेब'. एक अक्षर उमटेना.

"बंद पडलं का रे?"
"बंद नाय पडलं. पेनाला टोपण आहे."

मग त्यानं मला माझ्याच धंद्यातून समजावलं.
टोपण लावलेलं असलं की तुम्ही अर्ज वाचता, खालीवर बघता, ओळ खोडता. तेव्हा बटनं हुकूम ऐकतात.
'आय' दाबलं की टोपण निघालं. आता बटनं अक्षरं लिहितात.
एस्केप दाबलं की टोपण परत लागलं.

एवढंच.

पण आपल्या मराठी माणसाला यात एक जास्तीचा ताप आहे. लिहायचं मराठीत आणि हुकूम द्यायचा इंग्रजीत. म्हणजे एस्केप दाबून शिवाय कीबोर्डची भाषाही बदलायची. मी कधी हे विसरायचो, कधी ते.

चुकून खोडलेलं परत आणायला 'यू' दाबायचं असतं. मी टोपण न लावताच दाबलं. मराठीत त्या बटनावर ह आहे. घाबरलो की मी दाबतच राहतो.

पडद्यावर हहहहहहह.

प्रभाकर चहा पीत होता. "दाजी, अर्ज हसायला लागला की."

बायको चिडली. "मोठ्या माणसाला हसतोस व्हय रे?"
"अक्का, मी कुठं हसतोय? अर्ज हसतोय."

एकदा म्हणाला, "सेटिंग करून देतो. एस्केप दाबलं की भाषा आपोआप बदलेल."
मी म्हणालो, "आणि ती बिघडली तर? तू ड्यूटीवर असलास तर?"
"बरं बाबा. मग हातानंच शिका."

दर रविवारी मी त्याच्याकडं जायचो. तो समोर पेपर वाचत बसायचा. मान वर न करता म्हणायचा, "टोपण."
बटनांच्या आवाजावरून कळायचं त्याला.

मी लॅपटॉप घेऊन टेबलावर बसायला लागलो, आणि त्याच सुमारास त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं.

एक दिवस गयाबाई आल्या. शेजाऱ्यानं शेताचा रस्ता अडवलेला. साहेब दौऱ्यावर निघायच्या आत अर्ज द्यायचा होता.

अर्ज पूर्ण झाला. एक ओळ तेवढी खोडायची होती. दोनदा 'डी' दाबलं की एक ओळ जाते. हात थरथरला, बोट पडतच राहिलं.

अर्ज गेला. पडदा कोरा.

मग घाबरून दिसेल ते बटन दाबलं. काही परत येईना. गयाबाई बघतायत. शेजारचा टेबलवाला बघतोय.

प्रभाकरला फोन लावला.

"अर्ज गेला रे."
"दाजी, हात मांडीवर ठेवा."
ठेवले.
"टोपण लावलंत का?"
एस्केप दाबलं.
"कोपऱ्यात भाषा कोणती दिसतीय?"
"मराठी."
"बदला. आता यू. एकदाच. थांबा. बघा. मग परत."

एक ओळ आली. मग दुसरी. मग गट नंबर, मग शेजाऱ्याचं नाव.

गयाबाई वाकून म्हणाल्या, "आलं व्हय माझं शेत?"

फोनवर प्रभाकर हसला. त्याच्या मागं कसली तरी मशीन टीं टीं करत होती.
"कुठं आहेस तू?"
"खाटेवर. रक्त धुतायत माझं. तुम्ही प्रिंट काढा आधी, साहेब जातील."

अर्ज वेळेत पोचला.

त्यानंतर मला त्याला फोन करावा लागला नाही. मग त्याचाच यायला लागला.
"दाजी, आज फोन नाय तुमचा?"
"अडलं नाही काही."
तो म्हणाला, "लई बरं वाटलं."

पुढं थोड्याच दिवसांत तो गेला.

हात आता जास्त थरथरतो. कुलूप अजून ओढून पाहतो. पण लॅपटॉप उघडला की मी निवांत असतो. लोक परत माझ्याकडं येतात. गयाबाईंनी तर त्यांच्या गावातले निम्मे लोक पाठवलेत.

प्रभाकर, टेबल चालू आहे.

तुझ्या आठवणीपुढं दाजीचा हात जोडून नमस्कार.