बिनचमकीचं अंगण

अहिल्याकाकूने दारजींच्या चहाच्या कपाशेजारी बोटभर उंचीचा एक मातीचा मावळा ठेवला आणि विचारलं, हे काय आहे. दारजींनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बल्ब."

काकूने मावळा उचलला आणि जिना चढून वर आली. मनीमाजऱ्याच्या बाजारातून आणून त्यावर मारलेलं फर्निचरचं वार्निश बाद झालं होतं.

ही अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. काकू आणि बाजीरावकाका मनीमाजऱ्यात एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. काका चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत सुभेदार होते. छावणीतलं क्वार्टर मिळेल म्हणून तीन वर्षं वाट पाहिली, आणि क्वार्टरच्या आधी बदलीचा हुकूम आला, बेळगावचा. महिनाअखेरीला निघायचं होतं. काका माझ्या वडिलांच्या गावचे. मी तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होते आणि रविवारी वसतिगृहातलं जेवण चुकवायला त्यांच्याकडे जात असे. त्या हिवाळी सुट्टीत मात्र मी तिथेच मुक्कामाला होते, सामान बांधायला मदत म्हणून.

खाली दारजी आणि बीजी, एक वयस्कर शीख जोडपं, राहत. घर बीजींच्या भावाचं, तो कॅनडात. हे दोघं दोन वर्षांपूर्वी तरनतारनकडच्या आपल्या गावातून इथे आले होते. गाव सोडून का आले, हे त्यांना कोणी विचारत नसे. तिकडे रोज गोळ्या चालत होत्या, आणि त्या दिवसांत तिकडून आलेल्या माणसाला कोणी तसं विचारत नव्हतं. दारजी तीस वर्षं गावचे पोस्टमास्तर होते. अख्ख्या गावाची पत्रं वाचून दाखवलेला हा माणूस इथे आल्यापासून दिवसाला चार-पाच शब्द बोले. चहा. थंडी. हां. वर डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकायचाय, उन्हाळ्यानंतर बघू. तोवर त्यांना जग धुक्यातल्यासारखं दिसे, आणि जे काही चकाके ते नुसतं प्रकाशाचं फूल होऊन डोळ्यांत फुटे.

काकूचं माहेर कराडचं. तिच्या माहेरी दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं विकत आणत नसत, घरीच करत. चित्रं म्हणजे मावळे, गवळणी, वाघ, विहिरीवरची बाई. लग्नानंतर बदल्या होत गेल्या, आणि प्रत्येक छावणीत मराठी घरांमधली मुलं दिवाळीत किल्ला करू लागली की काकूकडे चित्रं मागायला येत. मुलं हिंदीत मागत आणि काकू मराठीत रागवत देत असे. मागच्या दिवाळीत गच्चीच्या कठड्यावर तिचे वीसेक मावळे वाळत होते. बीजी विणकामाची टोपली घेऊन उन्हात बसायला वर आल्या, त्या सैन्याकडे खूप वेळ बघत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या की अशी आमची माणसं पण होतील का?

तिथून ते अंगण सुरू झालं. बीजी विणता विणता सांगायच्या आणि काकू माती मळता मळता ऐकायची. मधोमध तुतीचं झाड. त्याखाली बाज. चूल, तिच्याशेजारी भिंतीतला कोनाडा. पाण्याचा नलका, म्हणजे हातपंप. भूरी नावाची म्हैस. दोन मुली, एक शेजारीण, खाकी पिशवी खांद्याला लावून दारातून शिरणारे तरुण दारजी. एका खोक्याच्या झाकणावर हे सगळं दोन महिन्यांत हळूहळू उगवलं. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर त्या झाडाची सावली पडे, आणि ती खऱ्या झाडाएवढी असे.

आता काकूला एवढंच हवं होतं की बेळगावला जायच्या आधी दारजींनी ते अंगण बघावं. बीजींनी त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं. आणि अडचण त्यांच्या डोळ्यांची होती. दारजी बघायचे ते अर्धं बोटांनी. नुसत्या पोस्टर कलरमधला मावळा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी बरोबर ओळखलं, "बंदा है," म्हणाले, माणूस आहे. पण त्यांच्या अंगठ्याला मावळ्याचं लाल पागोटं लागून आलं. म्हणजे वरून काहीतरी मारायला हवं होतं. आणि जे मारायचं ते चमकता कामा नये, नाहीतर दारजींना अख्खं अंगण म्हणजे दिव्यांची माळ.

बाजारातल्या दुकानदाराला तिचं म्हणणंच कळेना. लोक वार्निश घेतात ते चमक यावी म्हणून, तो म्हणाला, आणि तुम्हाला न चमकणारं हवंय. मग घेताच कशाला? काकूने त्याच्याकडचं वार्निश आणलं, त्याने मावळ्याचा बल्ब झाला, तेव्हा त्यात टाल्कम पावडर मिसळून पाहिली. चमक गेली, पण मावळा राख फासल्यासारखा दिसू लागला. काका म्हणाले, "याला दीक्षा दिलीस होय?"

मग तिने गॅरेजमधून मोटारींवर मारायचा फवाऱ्याचा डबा आणला. येताना पोलिसांनी बस तपासणी नाक्यावर थांबवली आणि सगळ्यांना पिशव्या घेऊन खाली उतरवलं. ते रोजचंच होतं. पण डब्यात रंग ढवळायची एक गोळी असते, ती काकूच्या पिशवीत चालताना टकटक वाजत होती. शिपाई दोन पावलं मागे सरकला. माताजी, हे काय वाजतंय, त्याने विचारलं. बाहुल्यांचं वार्निश, काकूने खरं तेच सांगितलं, आणि तेच सगळ्यात खोटं वाटलं. शेवटी त्याच्या साहेबाने डबा लांब रस्त्यावर ठेवायला लावला आणि तिलाच उडवून दाखव म्हणून सांगितलं. कशावर उडवू, तिने विचारलं. शिपायाने लाठी पुढे केली. अर्धी लाठी आरशासारखी चकाकायला लागली. बस हसली, शिपाई हसला, काकू मात्र हिरमुसली. कारण तिला तिथेच कळलं की हाही डबा उपयोगाचा नाही.

मी विद्यापीठाजवळच्या दुकानातून चित्रकलेची मुलं कोळशाच्या चित्रांवर मारतात ते औषध आणून दिलं. ते धुक्यासारखं हलकं बसलं, चमक नावाला नाही. काकूने खुशीत मावळा ओल्या अंगठ्याने चोळला. पागोटं परत अंगठ्यावर.

शेवटी डबा मिळाला तो चंडीमंदिरला, मेजरसाहेबांच्या पत्नी स्मिताबाईंकडे. त्यांच्या भावाला विमानांच्या छोट्या प्रतिकृती करायचा नाद होता आणि तो विलायतेत असताना त्यांवर मारायचे डबे तिथून आणायचा. एक डबा पाव भरलेला उरला होता. त्यावर इंग्रजीत 'मॅट', म्हणजे बिनचमकीचं, असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत सूचना. मी त्या काकूला वाचून दाखवल्या. नीट हलवा. वीतभर लांबून मारा. पातळ थर द्या. दमट हवेत मारू नका.

ती शेवटची सूचना काकूने मनावर घेतली नाही. बाहेर तीन-चार दिवस धुकं होतं, गच्चीवरून समोरचा पाण्याचा हौदसुद्धा दिसत नव्हता, आणि तिला घाई. एका मावळ्यावर तिने थर दिला. पाच मिनिटांत तो पांढरा पडला, जणू त्याच्या एकट्यावर बर्फ पडलं होतं. काकू त्याच्याकडे बघत राहिली. मग डबा कानाशी धरून हलवला. आत थोडंच उरलं होतं. तिने डबा कपाटात ठेवला आणि म्हणाली, "ऊन पडल्याशिवाय हात लावायचा नाही."

मग आम्ही उन्हाची वाट बघत राहिलो. खोक्यांना खिळे ठोकले, भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळली. रोज सकाळी काकू दार उघडून आकाशाकडे बघे. आकाश नसे. पांढऱ्या धुक्यात कुठेतरी सायकलची घंटा वाजे, गुरुद्वाऱ्यातला पहाटेचा पाठ ऐकू येई, आणि खोक्याच्या झाकणावरचं ते अंगण खिडकीपाशी तसंच थांबून असे, उघड्या रंगांत, हात लागला तर पुसलं जाईल असं.

धुक्याच्या नवव्या दिवशी दहाच्या सुमाराला धुकं फाटलं. काकू अंगण घेऊन गच्चीवर धावली. भिंत, झाड, नलका असलेलं झाकण एका बाजूला, सुटी माणसं आणि म्हैस ताटात. डबा भरपूर हलवला, वीतभर लांब धरला, आणि एकेक पातळ थर दिला. शेवटच्या मुलीवर थर देताना डबा नुसता फुसफुसला आणि रिकामा झाला. पण झालं होतं. चेहऱ्यांवर चमक नव्हती. माणसं उन्हात नुसती उभी होती, माणसं उभी राहतात तशी.

तेवढ्यात काकांचा निरोप आला की सामानाच्या यादीवर सही करायला लगेच छावणीत ये. मीही बरोबर निघाले. जाता जाता काकूने बीजींना हाक मारली आणि आठ वर्षं उत्तरेत काढलेल्या आपल्या हिंदीत सांगितलं, "बीजी, सबको दोपहर तक ऊन में रखना."

"फिकर न कर, पुत्तर," बीजी म्हणाल्या.

आम्ही परतलो तेव्हा तीन वाजले होते. गच्चीत झाकण होतं तिथेच होतं, पण ताट रिकामं. बीजी कौतुकाने हसत विणकामाची टोपली घेऊन आल्या आणि वरचं फडकं काढलं. आत मरून रंगाच्या आणि करड्या लोकरीत, तान्ही बाळं गुंडाळावीत तशी, सगळी माणसं एकेक करून गुंडाळलेली होती. काकूने एक गुंडाळी सोडवली. शेजारणीच्या गालावर मरून रंगाची दाढी आली होती. म्हशीच्या तर डोळ्यांवरही केस. ओल्या थरात लोकरीचा तंतू न् तंतू चिकटून वाळला होता.

काकूचा चेहरा उतरला. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "ऊन में रखने को बोला था ना, बीजी?"

"ऊन में ही तो रक्खा है," बीजी गोंधळून म्हणाल्या. "इतनी ठंड है. मैंने सोचा, कितना खयाल करती है."

काकूने हातातली लोकर बघितली. मग तिने हात वर करून सूर्याकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू म्हणाली, "ऊन."

बीजींनी वर बघितलं. मग टोपलीत बघितलं. परत वर बघितलं. आणि त्यांना हसू फुटलं. आधी त्यांनी ओढणी तोंडावर धरली, मग ती धरवेना. काकू पण रडता रडता हसायला लागली, आणि दोघी ताटाशेजारी फरशीवर बसल्या. माझ्याकडचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन काकू शेजारणीची दाढी उपटू लागली तसा बीजींना आणखी जोर चढला. त्या घरात मी तसं हसणं आधी ऐकलं नव्हतं. त्या घरानेही ऐकलं नसावं.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी चाचपत. दारजी कधी वर येत नसत. ते दारात येऊन उभे राहिले, हात चौकटीला, आणि त्यांनी विचारलं की काय झालं.

"सुणदे ओ," बीजी डोळे पुसत म्हणाल्या, "मरहट्टी विच ऊन दा मतलब धुप्प." मराठीत ऊन म्हणजे धूप.

दारजींनी विचार केला. "ते ऊन नूं की कैंदे ने?" मग आमच्या ऊनला मराठीत काय म्हणतात, असं ते विचारत होते.

"लोकर," काकू म्हणाली.

"लोकर," ते म्हणाले. एखाद्या अनोळखी गावाचा पत्ता वाचावा तसा त्यांनी तो शब्द वाचला. मग ते आवाजाच्या दिशेने पुढे आले आणि झाकणाशी थांबले.

आम्हा तिघींचं हसणं थांबलं. काकूने मनात ठरवलं होतं तसं काहीच नव्हतं. माणसं टोपलीत होती, अर्धी केसाळ. झाकणावर नुसतं अंगण होतं, रिकामं, पण पाच तासांच्या उन्हात नीट वाळलेलं. ऊन कलून थेट त्यावर पडलं होतं आणि त्यातला एकही कण चमकत नव्हता. दारजी वाकले. इतके वाकले की दाढी तुतीला लागली. त्यांनी कोनाड्याला बोट लावलं, भिंतीवरून बोट फिरवत चुलीपर्यंत गेले, तिथून बाजेपर्यंत. काकू त्यांच्या बोटाकडे बघत होती. बोटाला रंग लागला नव्हता.

त्यांचं बोट नलक्यावर येऊन थांबलं. मग जरा नाराजीने म्हणाले, "नलका एत्थे नहीं सी."

नलका इथे नव्हता. बीजी लगेच म्हणाल्या की तिथेच होता, पाणी कोण भरत होतं, तुम्ही की मी? दारजी म्हणाले की ती त्याची जुनी जागा. आपल्या मुलीच्या, गुड्डीच्या लग्नाच्या वर्षी मांडव घालायला तो भिंतीकडे सरकवला, तू विसरलीस. बीजी म्हणाल्या, मी नाही, तुम्ही विसरलात. तोवर दारजींनी दोन बोटांत नलका धरून हलकेच उपटला होता. काकू डिंकाची बाटली घेऊन धावली. त्यांनी तो भिंतीपाशी टेकवला आणि बोटाने दाबून धरला. त्या भिंतीपाशी कोण पाणी भरायला यायचं, कोणाची घागर गळकी होती, कोण पत्र आलंय का म्हणून रोज उगाच विचारायला यायची, हे ते सांगत राहिले. काकू एकेका माणसाची लोकर काढून त्यांच्या हातात देत होती, ते त्याला जागा सांगत होते, आणि बीजी मध्येच चूक काढत होत्या. दोन मिनिटांत चिकटतं, असं काकूने सांगितलं होतं, तरी त्यांनी नलक्यावरचं बोट काढलं नाही.

हौदावरचं ऊन गेलं, मग कठड्यावरचं. पलीकडच्या गल्लीतून धुकं पुन्हा वर येऊ लागलं. बीजींनी शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि आता खाली चला म्हणाल्या, गारठा पडला.

दारजी उठले नाहीत. टोपलीत हात घालून त्यांनी म्हैस काढली, तिच्या पाठीवरच्या मरून रंगाच्या केसांवरून अंगठा फिरवला, आणि बीजींच्या पुढ्यात धरली.

"पहिलां मज्झ अंदर बन्न," ते म्हणाले. आधी म्हैस आत बांध.