पडताळे काकांचे तीन प्रश्न

बाबा बडा बाजारात हातगाडी ओढायचे. घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि फीमाफी मिळाली नसती तर मीही गेले नसते. ती फीमाफी होती कॉलेजच्या खिडकीमागे बसणाऱ्या पडताळे काकांच्या हातात. त्यांचं आडनाव वेगळंच होतं. पण दतिया गेट या हिंदी वस्तीतल्या आम्हा चार मराठी घरांत हेच नाव चालायचं. सख्खा भाऊ आला तरी हा माणूस ओळखपत्र मागायचा.

कुठल्याही कागदाला त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "काढला कुणी? सही कुणाची? त्याला सहीचा हक्क कुणी दिला?" एवढी चौकशी लोक सोयरीक जमवतानाही करत नाहीत.

फीमाफीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी बाबांनी माझा उत्पन्नाचा दाखला खिडकीतून सरकवला.

"शिक्का अस्सल. सही मात्र कचेरीतल्या बाबूची. तहसीलदार साहेबांची आणा."

"अरे भैया, लहानपणापासून ओळखता ना मला!"

"तुला ओळखतो रे. या बाबूला नाही ओळखत."

बाबा तसेच उन्हातून कचेरीत पळाले आणि खिडकी बंद व्हायच्या आत सही घेऊन आले. काकांनी वर आम्हालाच सुनावलं, "झालं ना? उगाच वाद घालता!" बाबा महिनाभर त्यांना शिव्या देत होते. मीही मनापासून साथ दिली.

पुढे मी इंजिनियर झाले. एका विद्यापीठाच्या पदव्या ब्लॉकचेनवर, म्हणजे मागून खाडाखोड करता येत नाही अशा संगणकी नोंदवहीत, देणारा प्रोग्राम लिहिला आणि निवृत्त काकांकडे पेढे घेऊन गेले, खरं तर मिरवायलाच.

"काका, आता तुमची गरज संपली. कुलसचिवांच्या संगणकी खात्याची सही असल्याशिवाय पदवी निघतच नाही."

"वा वा! आणि ते खातं कुलसचिवांचंच, हे कोण बघतं?"

हातातला पेढा मी परत खोक्यात ठेवला. माझा प्रोग्राम सही बघत होता, सही करणारा कोण ते नाही. कुणीही स्वतःचं खातं कुलसचिव म्हणून पुढे केलं असतं, स्वतःच सही ठोकली असती, आणि माझ्या अतिसुरक्षित यंत्रणेने त्याला वाजतगाजत पदवी दिली असती. विद्यापीठात प्रोग्राम सुरू व्हायला दोनच दिवस उरले होते. घरी जाऊन मी तिन्ही प्रश्न ओळीने लिहिले: पदव्यांच्या नोंदी ठेवणारं खातं आपल्याच प्रोग्रामने काढलंय का, सही झालीय का, आणि सही करणारा आपण नेमलेलाच कुलसचिव आहे का. एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी खिडकी बंद.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत एका साहेबांनी मूळ कागद न बघताच खरी म्हणून सही करून दिली. काका असते तर परत पाठवली असती.

माझी पदवी भिंतीवर आहे. तिच्यावर सही कुणाची, ते बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. प्रोग्राम चालू आहे. आजवर त्यातून एकही खोटी पदवी निघालेली नाही.