जाहिराती बंद केल्यानंतरचा लुडो

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, अमरावतीत दवाखान्याबाहेर बसून हे लिहिते आहे. आत माझी मोठी बहीण आहे.

ताई अमरावतीला, मी अकोल्यात जठारपेठेत. रोज दुपारी आम्ही एकमेकींचा आवाज चालू ठेवून फोनवर फुकटचा लुडो खेळायचो, लहानपणी कवड्या खेळायचो तसाच मन लावून. डाव चालू असताना ताई चकार शब्द बोलत नसे. मध्ये जाहिरात लागली की मात्र म्हणायची, "आली बाई जाहिरात. सांग आता, काय रांधलं?" सुखदुःख सगळं तेवढ्यात.

गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला मी दोघींच्या फोनवर पैसे भरून लुडोचं प्रीमियम घेतलं. जाहिराती गेल्या. डावामागून डाव होऊ लागले.

आज पहाटे तिला हृदयविकाराचा झटका आला. छातीत आठ दिवसांपासून दुखत होतं म्हणे. आधी आणलं असतं तर एवढं बिघडलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी तिचा हात धरून विचारलं, "ताई, मला सांगितलं का नाहीस?"

"तुले कधी सांगू? एक डाव संपला की दुसरा सुरू होऊन जाते."

रोज सोबत खेळूनही महिनाभर मी तिची तब्येत विचारली नव्हती. तुम्ही तुमच्या बहिणीला शेवटचं कधी विचारलंत?